दोनदा उंची, एकदा रुंदी

त्यांच्या घरी गेलं की पाणी मिळायच्या आधी प्रश्न यायचा, "जिना कसा वाटला?"

द हेगमधल्या जुन्या घरांना असतो तसाच तो जिना होता. रस्त्यावरच्या दारातून निघून मधे फारसा विचार न करता थेट छताकडे जाणारा, शिडीच्या नात्यातला. खालचं दार उघडायला वरून एक दोर सोडलेला होता. घंटा वाजली की ते वरच्या मजल्यावरून दोर ओढत, दार भुताने उघडल्यासारखं उघडे आणि वरच्या काळोखातून सूचना येई, "डावा पाय आधी. कठड्यावर भरवसा ठेवू नका, तो मागाहून लावलेला आहे." वर पोचलेल्या पाहुण्यात बोलायचा दम उरलेला नसे. तेच उत्तर समजून ते समाधानाने पाण्याचा ग्लास पुढे करत.

दर रविवारी त्यांच्याकडे जमणारे आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. परदेशात आपल्या माणसांना नाती फुकट वाटली जातात, याबद्दल त्यांची तक्रार होती, पण ते हाक ऐकून वळत.

मी नवऱ्याच्या नोकरीमागून या देशात आले आणि दोन हिवाळे घरात बसून काढल्यावर स्लोटरडाइक या ऑफिसांच्या वस्तीतल्या एका डिझाइन ऑफिसात ड्रॉइंग तपासायच्या कामाला लागले. तिथे ते निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते. सगळं ऑफिस काचेच्या दर्शनी भिंती, कॅफे आणि स्वागतकक्ष काढत असे; ते एका कोपऱ्यात बसून आग लागल्यावर बाहेर पडायचे जिने काढत. उभं आयुष्य त्यांनी असे जिने काढले, की जे कधी वापरावे लागू नयेत अशीच प्रत्येकाची प्रार्थना असते. या गोष्टीचं त्यांना दुःख नव्हतं. उलट, काम न पडणं हाच ज्याच्या कामाचा कळस आहे असा धंदा आपल्याला मिळाला, असं ते म्हणत. "मंत्र्यांना जमलं पाहिजे हे," अशी पुस्तीही जोडत.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला सूत्र शिकवलं. पायरीची उंची दोनदा घ्यायची, रुंदी एकदा घ्यायची, आणि बेरीज माणसाच्या एका सहज पावलाएवढी आली पाहिजे. कमी आली तर माणूस लुटूलुटू चालतो, जास्त आली तर धापा टाकतो. हे सूत्र शेकडो वर्षं जुनं आहे आणि कोणत्याही धर्मग्रंथापेक्षा त्याने कमी माणसं मारली आहेत, असं त्यांचं मत होतं. मागच्या खिशात घडीची लाकडी पट्टी कायम असे. पुढच्या खिशात काय असे कोण जाणे. पाकीट बहुधा घरी राहिलेलं असायचं, पट्टी कधी राहिली नाही.

पायऱ्यांची संख्या मात्र त्यांना कधीही विचारू नये. पायऱ्या मोजत चढणाऱ्या माणसांची त्यांना कीव येई. "मोजायला लागलात म्हणजे जिना वाईट आहे," ते म्हणत. "चांगल्या जिन्यावर माणूस दुसऱ्याच कशाचा तरी विचार करतो."

ऑफिसात वर्षातून एकदा आगीची रंगीत तालीम व्हायची. भोंगा वाजला की सगळे खाली उतरून, कॉफीचे कप हातात धरून, थंडीत उभे राहायचे. एका वर्षी खाली हजेरी घेताना एक माणूस कमी आला. पिवळं जाकीट घातलेला अधिकारी घाबरून वर पळाला. काका मधल्या लँडिंगवर भिंतीला पाठ लावून उभे होते. लोक उतरताना कठडा कुठे सोडतात हे त्यांना प्रत्यक्ष बघायचं होतं. इतकी वर्षं जिने काढले, पण गर्दी उतरताना बघायची संधी वर्षातून एकदाच मिळते, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. त्या अधिकाऱ्याने, खरी आग असती तर तुम्ही मेला असतात, असं सुनावलं. त्यावर काका म्हणाले की खरी आग असती तर ते सर्वांत आधी खाली असते, कारण जिना त्यांनीच काढलेला आहे.

मोठेपणाबद्दलचा त्यांचा सिद्धान्तही जिन्यातूनच निघाला होता. दार कोणीही मोठं करतं, कमान कोणीही उंच करतं. पायरी बुटकी करायची तर जिना लांब पसरतो, त्याला जागा लागते. म्हणून राजवाड्यातल्या पायऱ्या बुटक्या आणि चाकरांच्या उंच. "धाप लागलेला राजा प्रजेने बघू नये, यासाठी ही सगळी वास्तुकला," ते म्हणायचे. डच लोकांना राजेपणाचा सोस कमी आणि जमीन त्याहून कमी. समुद्राला मागे रेटून मिळवलेली जमीन जिन्याखाली घालवायची त्यांची तयारी नाही, म्हणून इथे व्यापारीही चाकरासारखा चढतो. या एका गोष्टीसाठी काकांना हा देश आवडत असे आणि याच एका गोष्टीसाठी ते त्याला शिव्या देत.

आमच्या मंडळाच्या गणपतीत एकदा दूतावासातले एक अधिकारी पाहुणे म्हणून येणार होते. हॉल भाड्याचा, स्टेज तात्पुरतं, त्याला जोडलेल्या पायऱ्याही तात्पुरत्या. काकांनी पट्टी लावली आणि शेवटची पायरी बाकीच्यांहून उंच असल्याचं जाहीर केलं. माणसाच्या पायाला पहिल्या दोन पायऱ्यांत सवय लागते आणि तो पुढचं बघतच नाही, तेव्हा वेगळी पायरी नेमकी शेवटी असणं म्हणजे सापळा, हे त्यांनी अध्यक्षांना समजावलं. अध्यक्षांच्या खिशात चार पानांचं भाषण होतं, ते काही समजून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हते. मग काका त्या पायऱ्यांवरच बसले आणि पाहुण्यांचा सत्कार खाली जमिनीवर करा म्हणाले. अध्यक्षांनी त्यांना वळसा घालून, हातात शाल-श्रीफळाचं तबक घेऊन, स्वतः चढून दाखवलं. शेवटच्या पायरीवर ते अडखळले. पडले नाहीत, पण नारळ सुटला आणि टप टप करत पाहुण्यांच्या बुटांपर्यंत गेला. सत्कार खाली जमिनीवर झाला. पाहुणे सभ्य होते. पुढे कुठल्या तरी समारंभात भेटले तेव्हा त्यांनी काकांची चौकशी केली, अध्यक्षांची केली नाही.

दर मे महिन्यात आम्ही चौघं कुठेतरी फिरायला जायचो. मी, काका, मिलिंद आणि प्रज्ञा. मिलिंद आयटीत आहे आणि सुट्टीही प्रोजेक्टसारखी चालवतो. प्रत्येक गावाची त्याच्याकडे एक्सेल शीट असते. प्रज्ञा, त्याची बायको, मातीवर संशोधन करते, त्यामुळे तिला विटांविषयी आदर आहे. माझा नवरा या प्रवासांना येत नसे. आम्ही तिघं चित्रं, पुतळे, घुमट बघायचो आणि काका जिने. मधेच थांबून ते व्याख्यान देत. लँडिंग आलं, खिडकी आली, वळण आलं की काठी टेकल्यासारखं बोट भिंतीवर टेकायचे आणि सुरू व्हायचे. जिन्यावरचा उजेड कुठून यावा, कठड्याचं टोक आत का वळवतात, पायरीची कड कोणत्या बाजूने झिजते. मागे पर्यटकांची रांग लागलेली असायची. त्यांना वाटायचं, भारतातले कोणीतरी प्राध्यापक आहेत.

डेल्फ्टच्या एका मनोऱ्यात माझ्या लक्षात आलं, की व्याख्यान विषय संपल्यावर संपत नाही. श्वास जागेवर आला की संपतं. एक वाक्य तर त्यांनी अर्ध्यावर टाकलं आणि चालू लागले. त्यानंतर मी जिन्यावर प्रश्न विचारू लागले. त्यांना विषय सुचायची वाट कशाला बघायची? काही दिवसांनी जाणवलं की मिलिंदही विचारतो आणि प्रज्ञाही विचारते. आम्ही तिघांनी याबद्दल आपसांत एक अक्षर काढलं नाही. मैत्रीत काही गोष्टी बोलायच्या नसतात, आणि मराठी माणसाला हे एरवी जमत नाही, म्हणून त्याचा आम्हाला थोडा अभिमानही होता.

गेल्या हिवाळ्यात शेजारणीला काका जिन्याच्या मध्यावर भाजीच्या पिशवीसह बसलेले सापडले. ते म्हणाले, विचार करतोय. शेजारीण डच होती. तिने त्यांना विचार करू दिला, आणि त्यांच्या मुलीला फोन केला.

मुलगी मास्ट्रिख्टला असते, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. फिजिओथेरपिस्ट आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर डचमध्ये येतं. भांडायला ही व्यवस्था उत्तम. दोघांनाही आपापल्या भाषेत पूर्ण जोर लावता येतो. तिच्या घराजवळ ज्येष्ठांच्या इमारतीत तळमजल्याची एक जागा रिकामी होत होती. मेअखेर हो किंवा नाही कळवायचं होतं. काका म्हणाले, जिन्याच्या माणसाला तळमजल्यावर ठेवणं म्हणजे पोहणाऱ्याला बादली देणं. शिवाय मास्ट्रिख्टला त्यांचं कोण होतं? लेक होती, पण लेक दिवसभर दुसऱ्यांचे गुडघे वाकवत असणार. त्यांचे रविवार, त्यांची ट्राम, त्यांच्यावर हसणारी माणसं, सगळं द हेगमध्ये.

शेवटी तह झाला. त्या वर्षी आम्ही इटलीत उर्बिनोला जाणार होतो. गाव डोंगरावर, त्यावर पंधराव्या शतकातला ड्यूकचा राजवाडा, आणि त्यातला मोठा जिना काकांना आयुष्यभर बघायचा होता. मुलगी म्हणाली, तिथे हे तिघं जे जे चढतील ते लिफ्ट न घेता, मधे न बसता, कोणाचा हात न धरता चढलात, तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. नाहीतर मास्ट्रिख्ट. साक्षीदार म्हणून दोघांनीही मला नेमलं. मी निःपक्षपाती होते असं नाही. आमचा रविवार कोणी हलवून न्यावा अशी माझी मुळीच इच्छा नव्हती.

डोंगराच्या पायथ्याशी बस थांबते, तिथेच वर जायला लिफ्ट आहे. काकांनी तिच्याकडे शाकाहाऱ्याने खाटकाच्या दुकानाकडे बघावं तसं बघितलं. शेजारच्या बुरुजाच्या पोटात एक गोल गोल चढण आहे, ड्यूकचे घोडे वर नेण्यासाठी बांधलेली. आम्ही त्या चढणीने निघालो. त्या दिवशी आमच्या जिज्ञासेला भरती आली होती. मिलिंदने विचारलं, वर गेल्यावर घोडे वळायचे कसे. प्रज्ञाने विटा कुठल्या मातीच्या असतील यावर काकांचं मत मागितलं, जे तिला स्वतःला त्यांच्यापेक्षा बरं माहीत होतं. मी विचारलं, घोड्याच्या पावलाला तेच सूत्र लागू होतं का. या प्रश्नाने दोन वळणं निभावली.

राजवाड्याच्या अंगणात मात्र सगळे आपोआप गप्प झालो. खांब सडपातळ, कमानी मोजून मापून अंतरावर, कुठे एक रेघ जास्त नाही. आणि वर, चारही बाजूंनी फिरवून, मोठ्या लॅटिन अक्षरांत ड्यूकची स्तुती, ड्यूकनेच कोरून घेतलेली. आपल्याकडे यासाठी फ्लेक्स लावतात. फरक एवढाच की फ्लेक्स पावसाळ्यात फाटतो.

"आता बघा," काका म्हणाले आणि मोठ्या जिन्याला लागले.

ते एकदाही थांबले नाहीत. बोललेही नाहीत. रुंद, बुटक्या, उजेडाने भरलेल्या पायऱ्यांवरून ते असे चढत गेले, की जणू कोणी त्यांना वरून दोराने हलकेच ओढून घेत होतं. आम्ही तिघं प्रश्न तयार ठेवून मागे होतो आणि एकही लागला नाही. वर पोचल्यावर त्यांचा चेहरा लग्नातल्या मुलाच्या बापासारखा दिसत होता. मिलिंदने व्हिडिओ काढला होता, तो लगेच मुलीला पाठवायला निघाला. मी साक्षीदार म्हणून निकाल सांगितला: तह पूर्ण, काका पास, मास्ट्रिख्ट रद्द.

काका खाली वाकले. पट्टी उलगडून त्यांनी पायरीची उंची घेतली, रुंदी घेतली, मनाशी बेरीज केली.

"पाठवू नकोस," ते मिलिंदला म्हणाले. "हा मी चढलो नाही. यानं मला चढवलं."

मिलिंदने वाद घातला. अटीत जिना कोणता हे ठरलेलं नव्हतं, असं म्हणाला. काका म्हणाले, की हा जिना गाउटने सुजलेल्या पायांच्या, पोट सुटलेल्या सरदारांसाठी बांधला आहे; यावर पास होणं म्हणजे उत्तरपत्रिका समोर ठेवून परीक्षा देणं. आणि मग त्यांनी विचारलं, नोकर कुठून चढायचे?

राजवाड्याच्या तळघरात स्वयंपाकघरं, तबेले, न्हाणीघरं आहेत. तिथून भिंतीच्या जाडीत एक अरुंद जिना वर येतो. ड्यूकचं जेवण ज्यावरून गरम राहील अशा घाईने यायचं, तो. मी काकांना बाजूला घेऊन सांगितलं की साक्षीदार मी आहे, मी पास म्हटलंय, आता गप्प बसा.

"घरी कोणता जिना आहे माझ्या?" त्यांनी विचारलं. "ड्यूकचा आहे? मग परीक्षा कशावर व्हायला हवी?"

आम्ही तळघरात उतरलो आणि तो जिना चढू लागलो. ते पुढे, मी मागे, माझ्यामागे प्रज्ञा आणि मिलिंद. पायऱ्या गुडघ्याला भिडणाऱ्या, कठडा नाही, उजेड भिंतीतल्या एका फटीतून. दुसऱ्या वळणावर काका थांबले. भिंतीवर बोट टेकलं. मी वाट बघितली, व्याख्यान सुरू झालं नाही. वरून फक्त श्वास ऐकू येत होता, करवत चालवल्यासारखा.

"काका," मी म्हटलं, "इथे कठडा का नसेल हो ठेवला?"

खालून मिलिंदने त्याचा प्रश्न सोडला, दोन नोकर समोरासमोर आले तर काय करत असतील. प्रज्ञाने दगडाचं विचारलं.

काका हळूच वळले आणि पायरीवर बसले. फटीतून येणारा उजेड त्यांच्या गुडघ्यांवर पडला होता.

"इतकी वर्षं झाली," ते म्हणाले, मधे श्वास घेत, "तुम्हा तिघांना प्रश्न पडतात ते जिन्यावरच. सपाटीवर एकालाही कधी पडलेला नाही."

मी एक पायरी खाली सरकले.

"कठड्याचं नंतर सांगतो," ते म्हणाले. "आत्ता धाप लागली आहे. थांबा जरा."

आम्ही थांबलो. खालून एक इटालियन जोडपं चढत आलं. काकांनी गुडघे आत घेऊन त्यांना वाट दिली आणि पाय पायरीच्या रुंद बाजूला ठेवा असं खुणेने दाखवलं. मग उठून राहिलेला जिना ते चढले, तीनदा बसून, एकही शब्द न बोलता, कोणाचा हात न धरता.

जिना एका लहानशा खोलीत निघतो. खिडकीत दगडी बाक आहे, समोर सगळा डोंगराळ मुलूख. तिथे बसून त्यांनी मुलीला फोन लावला. मला त्यांच्याच बाजूचं ऐकू येत होतं.

"हो, पोचलो. ड्यूकच्या जिन्यावर पास. नाही, आधी ऐकून घे. चाकरांच्या जिन्यावर नापास. साफ नापास." मग बराच वेळ ते ऐकत होते. "त्या जागेला हो म्हणून कळव." पुन्हा ऐकत राहिले. मग म्हणाले, "अगं, रडतेस कशाला? तू जिंकलीस ना."

शरद ऋतूत ते मास्ट्रिख्टला गेले. सामान या देशातल्या रिवाजाप्रमाणे खिडकीतून यंत्राने उतरलं. कपाटं कशी मजेत हवेत तरंगत खाली आली. काका जिन्याने उतरले. आता आम्ही महिन्यातून एका रविवारी ट्रेनने जातो, आणि त्या इमारतीतल्या आगीच्या जिन्यात चार दोष असल्याचं व्यवस्थापनाला लेखी कळून चुकलं आहे.

पण ते पुढचं. त्या दिवशी फोन ठेवून त्यांनी रुमालाने मान पुसली, पट्टी मिटून खिशात टाकली आणि आमच्याकडे बघितलं.

"आता सपाटीवर आहे," ते म्हणाले. "विचारा काय विचारायचं ते."

कोणाला काही सुचेना. मिलिंद खिडकीबाहेर बघू लागला. शेवटी मीच विचारलं, तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं.

"पहिल्या प्रश्नापासून," काका म्हणाले. "तुझाच होता. अगदी भिकार प्रश्न." त्यांनी डोंगरांकडे तोंड केलं. "उत्तर मात्र मी चांगलं दिलं होतं."